माळवदाआधी भिंत पाहा
वाड्याचे माळवद (लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेले सपाट छप्पर) काढून स्लॅब टाकावा का, या चर्चेत भिंतीचा विचार राहून गेला आहे. आपल्याकडच्या दगडी वाड्याची जाड भिंत बहुधा दोन पदरांची असते; बाहेर घडीव काळा पाषाण, आत ओबडधोबड दगड आणि मध्ये माती-कपच्यांची भर. हे पदर आरपार दगडांनी सांधलेले नसतील तर हादऱ्यात सुटे होतात, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या, वर माळवदाचे ओझे असलेल्या असंख्य घरांचे तेच झाले. म्हणून आधी ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडून भिंतीला पोट आले आहे का, म्हणजे ती फुगली आहे का, हे पाहावे (ते गिलाव्याने झाकण्याची हौस आपल्याकडे फार). माळवदावर वर्षानुवर्षे टाकलेल्या पांढऱ्या मातीचा थर उतरवल्यावर सागवानी तुळया शाबूत निघाल्या, तर स्लॅबचे कारणच उरत नाही.