उतारा वाचताना वेळ पुरत नाही: तुम्ही काय केलंत?

राज्यसेवा पूर्व परीक्षेतला सीसॅट (आकलन आणि तर्काचा पेपर) म्हणजे 80 प्रश्न, 200 गुण आणि हातात दोन तास. त्यात मोठा भाग उताऱ्यांचा. पेपर नुसता पात्रतेचा झाला म्हणून निर्धास्त राहता येत नाही, 33 टक्के पडावेच लागतात. मी परभणीत अभ्यासिकेत बसते. परवाच्या सराव पेपरात माझे शेवटचे दोन उतारे तसेच राहिले. ओळींवरून डोळे फिरतात, पण प्रश्नापाशी आलं की पुन्हा पहिल्या ओळीवर जावं लागतं. ज्यांचं हे सुटलं त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. ‘रोज वर्तमानपत्र वाचा’ हे सगळेच सांगतात; कसं वाचलं ते सांगा.

नांदेड, राज्यसेवा
ताई, माझंही अगदी हेच होत होतं. मी एक जाड पोस्टकार्ड घेतलं आणि वाचून झालेली ओळ वरून झाकत खाली सरकायला लागलो. खालच्या ओळी मोकळ्या, वरच्या बंद. पहिले चार दिवस फार चिडचिड झाली, काहीच डोक्यात शिरेना. मग ध्यानात आलं की पुन्हा वाचता येणार आहे, या भरवशावर मी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचतच नव्हतो. परिच्छेद संपला की समासात दोन शब्द लिहायचे, एवढी सवय लावली.

दुसरी चूक जास्त महागात पडायची. एकदा भूजलावर उतारा होता. आमच्या शेतात दोन बोअर कोरडे गेलेले, त्यामुळे विषय घरचाच. पर्याय होता, ‘बोअर खोल गेल्याने विहिरी आटतात.’ मी डोळे झाकून तोच निवडला. उताऱ्यात ते कुठेच नव्हतं. लेखक फक्त पीकपद्धतीबद्दल बोलत होता. आता प्रत्येक उत्तराला उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवतो. ओळ सापडली नाही तर पर्याय बाद, मग तो कितीही खरा असो.

लातूर, नीट
आमच्याकडे 180 मिनिटांत 180 प्रश्न, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. मी आधी वेगाच्या मागे लागले आणि प्रश्नातला ‘अयोग्य’ हा एक शब्द निसटून सोपे प्रश्न घालवले. तेव्हापासून असा शब्द दिसला की पेनानं गोल करते, मगच पर्याय बघते. एनसीईआरटी मात्र मी अजूनही सावकाश वाचते. आकृतीखालची बारीक ओळसुद्धा सोडत नाही. पुस्तक सावकाश वाचलं की पेपरात आपोआप वेळ वाचतो.

बीड, बँक
मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. पूर्वमध्ये इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे, आणि मी प्रत्येक वाक्य मनात मराठीत करून घेत होतो. वेळ तिथेच जायचा. शेवटी बहिणीची सहावी-सातवीची इंग्रजी पुस्तकं घेतली आणि दोन महिने मोठ्यानं वाचली. मग अग्रलेखावर आलो: रोज एकच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पुन्हा. त्या दुसऱ्या वाचनात शब्द पक्के झाले.

जालना, पालक
मुलगा वाचताना रेंगाळतो म्हणून आम्ही सहा महिने त्याला बोललो. डोळे तपासले तर नंबर निघाला. त्या बोलण्याचं अजून वाईट वाटतं. आधी तपासणी करून घ्या.

परभणी (धागा सुरू करणारी)
दादा, पोस्टकार्ड नव्हतं, वहीचा पुठ्ठा कापला. आज जुन्या पेपरातले तीन उतारे त्यानंच वाचले. वेळ तेवढाच लागला, पण एकदाही मागे गेले नाही. एक विचारायचं राहिलं: आधी प्रश्न वाचायचे की उतारा?

नांदेड
प्रश्नावर नुसती नजर टाकायची. अ, ब, क विधानं आधी वाचू नका, ती डोक्यात घोळत राहतात आणि उतारा बाजूलाच राहतो.