माळ्यावरच्या कोअर टू ड्युओचा घरचा सर्व्हर करायचाय, जमेल का?

माळ्यावरचा_पीसी:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत जुना पीसी खाली काढला. कोअर टू ड्युओ ई७५००, ४ जीबी डीडीआर२ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, बाबांनी २०१० ला घेतलेला. धूळ झटकून वायर लावली तर चक्क चालू झाला! डोक्यात असंय की लिनक्स टाकून हॉलच्या कोपऱ्यात ठेवायचा, सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो (२०० जीबी तरी होतील) त्यात टाकायचे, टीव्हीवर पिक्चर बघायचे आणि मी नोकरीला पुण्यात असतो तर तिथनंही उघडता आलं पाहिजे. डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार) चालेल का? का ३२ बिटवालं काही शोधू? बायको म्हणते भंगारात घाला.

रूटकाका:
अरे कोअर टू ड्युओ ६४ बिटच आहे, त्या काळात दुकानदार ३२ बिटची विंडोज टाकून द्यायचे म्हणून सगळ्यांचा हा गैरसमज. डेबियन १३ ने ३२ बिटचा इन्स्टॉलर बंदच केलाय, तुला तो लागतही नाही. फक्त इन्स्टॉल करताना डेस्कटॉपवरची टिक काढ, एसएसएच सर्व्हरवर (म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून याला कमांड देता येतात) ठेव, मग ४ जीबी रॅम भरपूर झाली. फोटोंसाठी सांबा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून फोल्डर दिसतो. पिक्चरचं म्हणशील तर जेलीफिन (आपले पिक्चर टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) चालेल पण टीव्हीला फाईल जशीच्या तशी वाजवता आली तरच, ट्रान्सकोडिंग (बघता बघताच फाईल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं) करायला लावलंस तर बिचाऱ्याला धाप लागेल.

आणि त्या डिस्कवर काडीचाही भरवसा ठेवू नको. स्मार्टमॉनटूल्स (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) टाकून रिअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयास्पद जागा) बघ, पेंडिंगमध्ये शून्य सोडून काही दिसलं तर फोटो ठेवायचेच नाहीत. ती ठणठणीत निघाली तरी फोटोंची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर हवीच.

मीटरवाली:
काका बाकी सगळं बरोबर, पण लाइट बिलाचं कोणीच बोलत नाही. माझा असाच डबा काही न करता बसून ६५ वॅट खायचा, मीटर लावून बघितलंय. २४ तास चालू म्हणजे महिन्याला ४७ युनिट, युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाचे साडेपाच हजार. शेवटी भावाचा स्क्रीन फुटलेला लॅपटॉप घेतला, तो १२ वॅटवर चालतो म्हणजे ९ युनिटच्या आत, वर बॅटरी धड असेल तर लाइट गेली तरी बंद पडत नाही. बॅटरी फुगलीय का तेवढं अधूनमधून बघायचं. झाकण लावलं की झोपतो, त्यासाठी लिनक्समधल्या लॉगइन-डीच्या सेटिंगमध्ये हँडल-लिड-स्विचला इग्नोर करा.

अजून एक, मदरबोर्डचं लॅन १०० मेगाबिटचं असेल तर सेकंदाला ११ एमबीच्या वर जाणार नाही, २०० जीबीला ५ तास लागतील. एकदाच टाकायचेत म्हणून चालतंय म्हणा.

माळ्यावरचा_पीसी:
धन्यवाद काका, ताई. डिस्कमध्ये ८ पेंडिंग निघाले, म्हणून १२० जीबीचा एसएसडी टाकला आणि थोडेच फोटो चढवले. मस्त चाललं होतं, रविवारी पुण्याला आलो आणि रात्री तिकडे लाइट गेली. आली तरी सर्व्हर गायब! आईला फोन करून पॉवरचं बटण दाबायला लावलं, पंखा फिरतोय म्हणाली. मग मॉनिटर लावायला लावला तर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी, एफ वन दाबा. आई म्हणे "कशावर दाबू, कीबोर्ड तू माळ्यावर टाकलास". 😅

रूटकाका:
हाहा, कीबोर्ड नसेल तर जुने बोर्ड तिथेच अडून बसतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) हॉल्ट ऑनला नो एरर्स कर, म्हणजे अडणार नाही, आणि एसी पॉवर लॉसला पॉवर ऑन, म्हणजे लाइट आली की आपोआप चालू होईल. पण आधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदल, तो मेला असेल तर लाइट गेली की बायोस सगळं विसरतं आणि तुझी सेटिंग पाण्यात.

बाय द वे पुण्यातनं कसं उघडतोस? पोर्ट फॉरवर्ड (राउटरमधून बाहेरच्यांना थेट आत वाट) केलं असशील तर काढ.

माळ्यावरचा_पीसी:
टेलस्केलनेच (आपलीच डिव्हाइस आपसात जोडणारं खासगी नेटवर्क) काका, आमच्याकडे सीजीनॅट (एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला) आहे त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड करूनही काही होत नव्हतं. शनिवारी जातोय, सेल घेऊन ठेवलाय. मीटरवाली ताई, तुमचा हिशोब बायकोने वाचला. मेहुण्याकडे बिजागरी तुटलेला लॅपटॉप पडलाय म्हणे, तोही उचलून आणतो.