बाबांनी पेटीसाठी ऑनलाइन पैसे भरले, पेटी आलीच नाही. आता काय करता येईल?

माशेलची लेक

मदत हवी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे बाबा गोव्यात माशेलला असतात. शिक्षक होते, निवृत्त झाल्यापासून वाड्यावरचं भजनी मंडळ हेच त्यांचं सगळं. मंडळात पेटी तेच वाजवतात. जुन्या पेटीचा भाता सुटलाय, पावसाळा लागला की दमट हवेने पट्ट्या अडकतात आणि एखादा सूर मध्येच वाजत राहतो. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला मंडळ जातं, तिथे चोवीस तास भजन अखंड चालतं, गायक बदलत राहतात आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. त्यामुळे स्केलचेंजर पेटी, म्हणजे पट्ट्या सरकवून गाणाऱ्याच्या सुराला जुळवता येणारी, हवी असं बाबा कधीपासून म्हणत होते. नवी घ्यायची तर त्यांच्या आवाक्याबाहेर.

वाद्यांच्या खरेदी-विक्रीच्या एका ऑनलाइन गटात त्यांना जाहिरात दिसली. तीन ओळी सूर, कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलाही सूर वाजवणारी सोय), स्केलचेंजर, किंमत २२,०००. विकणारा मिरजेकडचा असल्याचं सांगत होता. तो सुरुवातीला पैशांचं काही बोललाच नाही. वडील वारले, घरात आता कोणी वाजवत नाही, पेटी पडून राहण्यापेक्षा देवापुढे वाजावी अशी इच्छा आहे, असं म्हणाला. कुठल्या पट्टीत गाता, भजन कुठल्या देवळात असतं, तेही विचारलं. बाबा आईला म्हणाले, "माणूस चांगल्या घरातला दिसतो."

आधी ५,००० टोकन. मग बांधलेल्या खोक्याचा फोटो आणि ट्रान्सपोर्टची पावती आली, तेव्हा उरलेले १७,०००. दुसऱ्या दिवशी "वाहतूक विमा" म्हणून ३,६००, पेटी हातात पडताच परत मिळणार होते. मग म्हणे रक्कम नोंदीशी जुळली नाही, तेवढीच पुन्हा भरा, दोन्ही एकदम परत येतील. तेही भरले. एकूण २९,२००. पुढे आणखी ६,००० मागितले तेव्हा बाबांनी मला विचारलं, म्हणून मला कळलं. फोटो इंटरनेटवर शोधला तर तीच पेटी परराज्यातल्या एका दुकानाच्या जुन्या जाहिरातीत आहे. आणि पैसे ज्या खात्यावर गेले त्यावर भलतंच नाव. "भाच्याचं खातं आहे" असं त्याने सांगितलं होतं.

बँकेत गेले तर म्हणाले, पिन तुमच्याच माणसाने टाकलाय, आम्ही काय करणार. बाबा तक्रार करायला तयार नाहीत. गावात कळेल, मंडळात मान खाली घालावी लागेल, असं म्हणतात. पुण्याहून भाऊ फोनवर खूप ओरडला त्यांना. त्यानंतर ते तालमीलाही गेलेले नाहीत.

तक्रारीचा खरंच काही उपयोग होतो का? कुठे करायची? आणि त्या माणसाची जाहिरात अजून दुसऱ्या एका गटात दिसतेय, त्याचं काय करू?

---

अंत्रुजकर

ताई, पुढचं वाचण्याआधी १९३० ला फोन लावा. लावून झाला की परत या.

मी बँकेतून निवृत्त झालोय आणि शेवटची काही वर्षं अशाच तक्रारी हाताळल्या आहेत, म्हणून घाई करायला सांगतोय. १९३० ही गृह मंत्रालयाची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. फोन घेणारा चार गोष्टी विचारेल: पैसे कुठल्या खात्यातून किंवा यूपीआय आयडीवरून गेले, कुठे गेले, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर म्हणजे बारा आकडी संदर्भ क्रमांक, आणि तारीख-वेळ. चारही व्यवहारांचे क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा. नोंद झाली की ती थेट पैसे मिळालेल्या बँकेकडे जाते. पैसे अजून त्या खात्यात असतील तर तेवढी रक्कम अडवून ठेवतात. पुढच्या खात्यात गेले असतील तर नोंद त्या पुढच्या बँकेकडे सरकते. ही खाती बहुतेकदा भाड्याने घेतलेली असतात. कुणा गरजू पोराला चार पैसे देऊन त्याचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेतलेलं असतं. पैसा अशा खात्यांमधून भराभर पुढे पळवतात आणि शेवटी एटीएममधून रोख काढतात. म्हणून तासातासाला फरक पडतो. तुमचे पहिले पैसे बहुधा गेले असतील, पण शेवटचे ३,६०० अजून कुठेतरी अडकलेले असू शकतात.

फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन) तक्रार पूर्ण भरा, पोचक्रमांक जपून ठेवा. मग तो क्रमांक घेऊन रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात जा. आरोपी महाराष्ट्रातला असो नाहीतर आणखी कुठला, "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकून परत येऊ नका. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी खबर कुठल्याही ठाण्यात देता येते.

बँकेने सांगितलं ते अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक, ज्यात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही असं आहे, ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. इथे बाबांनी स्वतः पैसे पाठवलेत, त्यामुळे त्या परिपत्रकावर भरपाई मागता येणार नाही. पण म्हणून बँकेने तक्रारच घ्यायची नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. लेखी द्या, तक्रार क्रमांक मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही पुसू नका, त्याला ब्लॉकही करू नका. संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा. त्याच्या प्रोफाइलचं नाव टिपून उपयोग नाही, ते रोज बदलतात, प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. आणि बाबांचा फोन एवढ्यात बदलू नका, मूळ पुरावा त्यातच आहे.

---

किनारी वारा

वाईट वाटलं. पण खरं सांगू? बघितल्याशिवाय अनोळखी माणसाला तीस हजार कोण पाठवतं? आजकाल शाळेतल्या मुलालाही हे कळतं.

---

माशेलची लेक

@किनारी वारा, माझ्या भावानेही हेच म्हटलं, आणि त्यानंतर बाबा जेवणाच्या ताटावरून उठले. माझ्या बाबांनी आयुष्यभर लोकांना पैसे दिलेत आणि ते परत आलेत. कुळागरातली सुपारी विकली तीही शब्दावर. ज्याने त्यांना फसवलं त्याने आधी त्यांचं भजन, त्यांचं देऊळ, त्यांची पट्टी विचारून घेतली आणि मग तेच वापरलं. तो माणूस हे रोज करतो, तो त्याचा धंदा आहे. मला इथे त्याच्याबद्दल बोलायचंय, बाबांच्या अकलेबद्दल नाही.

@अंत्रुजकर काका, १९३० ला लागला फोन. सुरुवातीला लाइन व्यग्र होती, मग लागला. बाबांना शेजारी बसवून केला, कारण खातं त्यांचं. त्या बाईंनी त्यांना "काका, घाबरू नका, क्रमांक वाचा" म्हटलं आणि बाबांनी चारही क्रमांक स्वतः वाचून दाखवले. उद्या रायबंदरला जातोय.

---

सूरजुळणी

मी म्हापशाला पेट्या दुरुस्त करतो. अशाच पद्धतीने फसलेले दोघं माझ्याकडे येऊन गेलेत. एक तबल्याची जोडी घ्यायला गेला होता, दुसरा पेटीच. दोघांनाही "वडील वारले" हीच गोष्ट सांगितली होती. म्हणजे ही पाठ केलेली गोष्ट आहे, तुमच्या बाबांसाठी सुचलेली नव्हे.

पुढे कधी जुनी पेटी लांबून घ्यायची झालीच तर फोटो आणि रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बघू नका, तो कुणाचाही असतो. व्हिडिओ कॉल करायचा आणि झाकण उघडायला सांगायचं. आतली सुरांची फळी दाखवा म्हणायचं, खर्ज-नर-मादी, म्हणजे जाड, मधल्या आणि बारीक आवाजाच्या, तिन्ही ओळी दिसल्या पाहिजेत. मग भाता भरून सगळे स्टॉप, म्हणजे हवा सोडणारे पुढचे खटके, बंद करायला सांगायचे आणि भाता किती वेळाने खाली बसतो ते बघायचं. हवा गळत असेल तर तिथेच कळतं. स्केलचेंजर असेल तर पट्ट्या सरकवून दाखवायला लावायचं, आणि सरकवल्यावर प्रत्येक सूर वाजवून. ज्याच्याकडे पेटी आहे तो हे दहा मिनिटांत करतो, उलट त्याला बरं वाटतं की घेणाऱ्याला कळतंय. ज्याच्याकडे नाही त्याचा कॅमेरा नेमका तेव्हाच बिघडतो.

खरं तर कोल्हापूर-मिरजेहून गोव्यात वाद्यं बसच्या पार्सलने येतात, आमचंही येतं. पार्सलचं भाडं भरायचं, झालं. परत मिळणारा विमा वगैरे भानगड मी तरी कधी पाहिली नाही. पेटी बघून पैसे द्यायचे असतील तर तिथल्या ओळखीच्या कारागिराला जाऊन बघायला सांगता येतं, आम्ही एकमेकांची अशी कामं करतो.

बाबांची जुनी पेटी माझ्याकडे आणा. भाता सुटलाय म्हणजे चामडं आणि कापड बदललं की उभी राहील. पट्ट्या अडकतात त्या खालच्या पिना गंजल्यामुळे आणि लाकूड फुगल्यामुळे. सप्ताहाच्या आधी करून देतो.

---

अंत्रुजकर

सूरजुळणींनी महत्त्वाचं सांगितलं. त्यात आणखी एक. पैसे पाठवताना यूपीआय अ‍ॅपवर जे नाव दिसतं ते आता बँकेच्या नोंदीतलंच दाखवावं लागतं, २०२५ च्या जूनअखेरीपासून हा नियम आहे. पूर्वीसारखं मोबाइलमध्ये साठवलेलं नाव तिथे चालत नाही. त्यामुळे बोलणारा एक आणि नाव दुसऱ्याचं असं दिसलं की तिथेच हात आवरायचा. भाचा, मेहुणा, दुकानाचा अकाउंटंट, सगळ्यांची खाती नेमकी त्याच वेळी पुढे येतात.

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. दुसऱ्या गटात जाहिरात दिसतेय ती पोलिसांना लिंकसकट द्या, आणि गटाच्या अ‍ॅडमिनला खासगीत पोचक्रमांकासह कळवा. त्याचा नंबर केंद्राच्या संचार साथी पोर्टलवर "चक्षू" मध्येही नोंदवा. उघडपणे लिहायचं असेल तर फक्त जे घडलं ते लिहा: या जाहिरातीवर इतके पैसे दिले, माल आला नाही, तक्रार केली आहे. ज्याच्या नावावर खातं आहे त्याचं नाव-गाव टाकू नका. तो कदाचित स्वतःच वापरला गेलेला असेल, आणि त्याला धडा शिकवायला कुणी त्याच्या घरी गेलं तर नवीन संकट.

ग्राहक आयोगाबद्दल कुणी सुचवलं तर वेळ घालवू नका. तो रस्ता व्यापाऱ्यांविरुद्ध आहे. स्वतःची जुनी वस्तू विकतो म्हणणाऱ्या माणसाविरुद्ध, तेही खोट्या नावाच्या, तिथे काही हाती लागत नाही.

---

पेडण्याचा प्रवासी

एक धोक्याची सूचना, हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांनाच. आता ताईंना निरोप येतील, "आम्ही तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा." कधी सायबर सेलचा बोधचिन्ह लावलेला डीपी असतो, कधी वकिलाचा. माझ्या मामीला स्कूटरच्या प्रकरणात असाच फोन आला होता. विकणारा दाबोळीच्या नौदलात आहे आणि बदली झालीय म्हणून सांगत होता, गणवेशातला फोटोसुद्धा पाठवला होता. तिथे पैसे बुडाले, आणि महिन्याभराने "वसुली अधिकारी" उगवला. मामीने तोपर्यंत घरात सगळ्यांना सांगितलेलं होतं, म्हणून तो फोन माझ्या मावसभावाने घेतला आणि पुढचं वाचलं. पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी कधीही पैसे मागत नाहीत.

---

माशेलची लेक

रायबंदरला जाऊन आलो. त्यांनी तक्रार घेतली, फोन तपासला, संभाषणाच्या प्रती ठेवून घेतल्या. आज कळलं की दुसऱ्या खात्यात गेलेल्या पैशांपैकी ७,१०० अडवून ठेवलेत. बाकीचे रोखीने काढले गेलेत, ते मिळतील अशी आशा ठेवू नका असं तिथल्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते बरं वाटलं, खोटा धीर दिला नाही.

त्याच माणसाविरुद्ध बेळगावकडून एका तक्रारदाराचीही नोंद आहे म्हणे, तंबोऱ्यासाठी. हे ऐकल्यावर बाबा परतीच्या वाटेवर जुन्या गोव्यापर्यंत गप्प होते, मग म्हणाले की मंडळात सांगायला हवं, आमच्यातही दोघं-तिघं ऑनलाइन टाळ-मृदंग बघत असतात. रविवारी तालमीला गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी हसलं नाही. मंडळातल्या एका काकांनी उलट त्यांच्या सुनेबरोबर कुरिअरच्या नावाने घडलेलं सांगितलं, ते तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

भावाशी मी वेगळं बोलले. त्याने फोन केला बाबांना. माफी वगैरे मागितली नाही, पण पेटीच्या दुरुस्तीचे पैसे मी देतो म्हणाला. बाबांनी घेतले.

@सूरजुळणी, शनिवारी म्हापशाला पेटी घेऊन येतो, दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं? आणि @अंत्रुजकर काका, ते ७,१०० परत मिळवायला मी काय करायचं?

---

अंत्रुजकर

अडवलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळेल का ते आधी रायबंदरला विचारा; नाही म्हणाले तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात अर्ज करायचा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. तपास अधिकाऱ्यांचा अहवाल जोडला की सहसा अडचण येत नाही. सोबत पोचक्रमांक, बाबांच्या पासबुकातल्या त्या दिवसांच्या पानांची प्रत, आधारची प्रत, आणि रक्कम कुठल्या बँकेत अडवली आहे त्याचा तपशील. तो तपशील रायबंदरला मागा, देतात. लोकअदालतीतही अशी प्रकरणं घेतात, पुढची तारीख विचारून ठेवा. अर्ज बाबांच्या नावाने आणि सहीने हवा. मसुदा मला खासगी निरोपात पाठवा, बघून देतो.

---

सूरजुळणी

शनिवारी दीडपर्यंत. पेटी उभी आणू नका, आडवी ठेवा आणि भात्याला पट्टा बांधा. पाऊस असेल तर प्लास्टिकच्या आत सुती चादर गुंडाळा.