कोल्हापुरातल्या ऊन, पाऊस आणि थंडीसाठी मोटरसायकलचा पोशाख कसा निवडावा?

शाहूपुरीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी शाहूपुरीत राहतो आणि नोकरीसाठी रोज मोटरसायकलने कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जातो, म्हणजे माझा बहुतेक प्रवास पुणे-बंगळूर महामार्गावरचा असतो. आमचे मूळ गाव गगनबावडा तालुक्यात असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी अधूनमधून तिकडेही जाणे होते आणि तेव्हा पत्नी मागे बसलेली असते. आजवर साधे हेल्मेट आणि बाजारात मिळणारा नेहमीचा रेनकोट यांवर भागवले, परंतु महामार्गावरची रहदारी पाहता आता दोघांसाठीही व्यवस्थित संरक्षक पोशाख घ्यायचे ठरवले आहे.

अडचण हवामानाची आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी अंगाची काहिली होते आणि चार वाजता वळीव झोडपून काढतो. जुलैमध्ये गगनबावड्याच्या वाटेवर कळे गावाच्या पुढे गेले की पावसाला खंड नसतो. डिसेंबरमध्ये पहिल्या पाळीसाठी पहाटे निघताना बोटे गारठतात. दुकानदार आत दोन सुटी अस्तरे असलेले बारमाही जॅकेट दाखवतात, एक अस्तर पावसाचे आणि एक थंडीचे, आणि एवढ्या एका खरेदीत वर्ष निघेल असे सांगतात. ते खरे मानावे, की ऋतूनुसार वेगळ्या वस्तू घ्याव्यात? पावसात हेल्मेटची काच आतून धुरकट होते, त्यावरही उपाय हवा आहे.

घाटवाट

शाहूपुरीकर, आपण पत्नीचाही विचार एकाच वेळी करत आहात हे वाचून बरे वाटले, कारण बहुतेक घरांत चालवणाऱ्याचेच सामान येते आणि मागे बसणारी व्यक्ती साध्या कपड्यांत राहते.

माझे मत स्पष्ट आहे. पडल्यावर वाचवणारा थर वर्षभर एकच ठेवावा आणि हवामानाचा थर त्याच्या वरून किंवा आतून घालावा-काढावा. कोल्हापूरसाठी याचा अर्थ असा की, चांगल्या आर्मरचे (म्हणजे आघात शोषणाऱ्या पॅडचे) जाळीदार, म्हणजे मेश, जॅकेट घ्यावे, पावसासाठी त्यावरून चढवता येईल असा स्वतंत्र रेनसूट घ्यावा आणि थंडीसाठी आत एक गरम थर ठेवावा.

आतल्या अस्तराचे बारमाही जॅकेट आपल्याकडे का कमी पडते, ते सांगतो. पावसाचे अस्तर आत असल्यामुळे बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते, खिशातले पाकीट आणि कागद भिजतात, आणि ओल्या कापडावरून वारा वाहत राहिल्याने अंग कोरडे असूनही हुडहुडी भरते. त्याहून मोठी अडचण वळवाची आहे. वळीव अंगावर येण्यापूर्वी जेमतेम काही मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात महामार्गाच्या कडेला थांबून, जॅकेट काढून, आत अस्तराच्या चेनी आणि बटणे लावत बसणे कोणालाच जमत नाही. मग माणूस सकाळीच अस्तर लावून निघतो आणि दुपारच्या उन्हात घामाने निथळतो. वरून घालायचा रेनसूट मात्र पेट्रोलच्या टाकीवर लावलेल्या टँक बॅगेतून काढून तिथल्या तिथे चढवता येतो.

रेनसूट घेताना तो जॅकेटवरून घालून, गाडीवर बसून पाहावा. साध्या शर्टावर बरोबर बसलेला सूट आर्मरवर ताणला जातो आणि शिवणीतून उसवतो. कापडावर किती हजार मिलिमीटरचा जलरोधक दर्जा छापला आहे यापेक्षा शिवणी अधिक महत्त्वाच्या आहेत, कारण पाणी कापडातून क्वचितच आणि सुईच्या छिद्रांतून नेहमी शिरते. सूट उलटा करून पाहावा. आतल्या प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. सर्वांत आधी गळते ती विजारीची बैठक. गाडीवर बसल्यावर टाकी आणि मांड्या यांच्यामध्ये पाण्याचे तळे साचते आणि चार शिवणी एकत्र येतात नेमक्या त्याच जागी ते दाबले जाते. घरी आणल्यावर विजार उलटी करून तिची बैठक पिशवीसारखी धरावी, तीत तांब्याभर पाणी ओतावे आणि थोडा वेळ थांबावे. थेंब आले, तर ती विजार गगनबावड्याच्या पावसात टिकणार नाही. जॅकेटच्या पुढच्या चेनवर दुहेरी पट्टी हवी. विजार बुटांच्या वरून यावी आणि हातमोज्याचे तोंड रेनकोटाच्या बाहीखाली जावे, नाहीतर दंडावरून ओघळलेले पाणी थेट मोज्यात भरते.

उन्हाळ्याबाबत एक बारकावा लक्षात घ्यावा. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, कमी असते तोवर जाळीतून येणारा वारा अंग गार करतो. त्याच्या वर पारा गेला की तोच वारा उष्णता आणून अंगावर टाकतो आणि गारवा येतो तो फक्त घाम वाळल्यामुळे. कोल्हापूरच्या बहुतेक उन्हाळ्यात मेश उत्तम काम करते, पण सोलापूर-विजापूरकडे जाताना पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आत पूर्ण बाह्यांचा पातळ पॉलिएस्टरचा बनियन घालून तो ओला करावा आणि पाणी पीत राहावे. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो, म्हणून तो आत घालू नये.

थंडीसाठी आपल्याला वेगळे जाड जॅकेट लागणार नाही. गारठा वाऱ्यामुळे वाढतो. हवा १० अंश असताना ताशी ७० किलोमीटरने गेल्यास अंगाला ती ५ अंशांच्या आसपास जाणवते. म्हणून पहाटे मेशवरून रेनसूटचे जॅकेटच घालावे. ते वारा पूर्ण अडवते आणि ऊन वर आले की काढून ठेवता येते. आत लोकरीचा पातळ स्वेटर असावा. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, म्हणूनच आपल्याकडचे मेंढपाळ भर पावसात घोंगडे पांघरून उभे राहतात.

आर्मर पाहताना दुकानदाराच्या शब्दावर न जाता तो खिशातून बाहेर काढून त्यावरचा छाप वाचावा. खांदा, कोपर आणि गुडघा यांच्यासाठी ईएन १६२१-१ आणि पाठीसाठी ईएन १६२१-२ हे युरोपीय मानक आहे. पहिल्या मानकात लेव्हल १ चा पॅड ठराविक आघातातून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंतचे बल आत जाऊ देतो, तर लेव्हल २ चा पॅड २० किलोन्यूटनपर्यंतच. पाठीच्या पॅडसाठी हे आकडे १८ आणि ९ आहेत. पुष्कळ जॅकेटांत खांद्याला आणि कोपराला प्रमाणित पॅड असतात, पण पाठीत नुसता फोमचा तुकडा घातलेला असतो. तो काढून पाठीचा लेव्हल २ चा पॅड वेगळा घेऊन बसवावा. जॅकेटच्या कापडासाठी ईएन १७०९२ हे मानक आहे आणि त्यात एएए ही सर्वांत वरची, तर ए ही त्या मानाने हलकी श्रेणी आहे. रोज महामार्गावरून जाणाऱ्याने मेशमध्येही एए श्रेणी शोधावी.

उद्यमनगर

घाटवाट यांनी जॅकेटबद्दल सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी हेल्मेटपुरते लिहितो.

१ जून २०२१ पासून आपल्या देशात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. हे चिन्ह आयएस ४१५१ या मानकाचे असते. रस्त्याच्या कडेला चिन्ह चिकटवलेली हेल्मेटे अजूनही दिसतात, म्हणून खरेदी पावती देणाऱ्या दुकानातूनच करावी. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेटच घ्यावे. ते डोक्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवून दुकानातच थांबावे. गालांवर घट्ट बसले तर चालते, गाद्या थोड्या सैलावतात, पण कपाळावर एका जागी टोचत असेल तर तो आकार आपल्या डोक्याचा नाही. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी वापरू नये, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबून आघात शोषतो.

काच धुरकट होण्यावर सर्वांत भरवशाचा उपाय पिनलॉक हा आहे. काचेच्या आतून दुसरी पातळ काच दोन खिट्ट्यांवर बसते, दोन्हींच्या मध्ये हवा अडकते आणि आतला पृष्ठभाग गार न पडल्यामुळे श्वासाची वाफ त्यावर धरत नाही. ज्या काचेला त्या खिट्ट्यांची सोय आहे असेच हेल्मेट घ्यावे आणि सुटी काच मिळते का हेही आधी विचारावे. करूळ किंवा आंबा घाटात धुके असते तेव्हा पाणी बाहेरूनही बसते. त्यासाठी काही हातमोज्यांच्या डाव्या बोटावर रबराची पट्टी असते. उजवा हात रेसवर असल्यामुळे ती डाव्या हाताला असते आणि तिने काच पुसता येते.

काळी काच फक्त भर उन्हासाठी ठेवावी. संध्याकाळी परतायचे असेल तर पारदर्शक काचच लावून निघावे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना पाचटाचा भुसा आणि बारीक धूळ काचेवर बसते. ती कोरड्या फडक्याने पुसली तर काचेवर ओरखड्यांचे जाळे होते आणि रात्री समोरून येणारा प्रत्येक दिवा त्या जाळ्यात पसरतो. काचेवर ओले फडके काही मिनिटे ठेवून, घाण सुटली की मग हलक्या हाताने पुसावे. घरातले काचा पुसायचे अमोनियाचे द्रावण तिच्यावर वापरू नये.

आजरेकरीण

शाहूपुरीकर दादा, मी स्वतः गाडी चालवते आणि पुष्कळ वेळा मागेही बसते, म्हणून वहिनींच्या बाजूने लिहिते.

पुरुषांच्या जॅकेटचा लहान आकार बाईला घेऊन देऊ नये. त्याचे खांदे रुंद आणि बाह्या लांब असल्यामुळे कोपराचा पॅड मनगटाकडे घसरतो आणि पडताना तो कोपरावर नसतोच. स्त्रियांच्या मापाची जॅकेटे आता भारतीय कंपन्याही बनवतात, ती मागवून घ्यावीत. बाहीवरचे पट्टे आवळल्यावर हात वाकवून पाहावा. पॅड जागचा हलला नाही तर माप बरोबर आहे. मागे बसणारीला हातमोजे लागत नाहीत असे समजू नये, कारण पडताना कोणीही आधी हातच टेकवतो.

पावसात वरून पांघरायचा सैल पोंचो मागे बसणाऱ्यांना अजिबात देऊ नये. वाऱ्याने तो फडफडतो आणि त्याचे टोक चाकात किंवा चेनमध्ये जाऊ शकते. ओढणीचा आणि साडीच्या पदराचा धोकाही तोच. वहिनींनाही जॅकेट आणि विजार असा दोन तुकड्यांचाच रेनसूट घ्यावा.

पायांकडे आपले लोक फार दुर्लक्ष करतात. कोल्हापुरी पायताण आपला अभिमान आहे आणि ते लग्नाकार्यात मिरवावे, पण ओल्या फूटरेस्टवर त्याचा चामडी तळ सटकतो आणि घोट्याला त्याचा काहीच आधार नसतो. घोटा झाकणारे बूट दोघांनीही घ्यावेत. चांगले जलरोधक बूट महाग वाटले तर पावसाळ्यापुरते गमबूट चालतील, फक्त त्यांच्या तळाला खाचा हव्यात आणि गिअर बदलताना पाय वाकला पाहिजे.

रंगाबद्दल माझा आग्रह आहे. काळा रेनसूट पावसात डांबरी रस्त्यात मिसळून जातो. पोपटी-पिवळा झळाळता रंग ढगाळ दिवशी आणि तिन्हीसांजेला लांबून दिसतो, पण अंधार पडल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. तेव्हा मागच्या गाडीच्या दिव्यात चमकणारी रुपेरी पट्टी लागते. सुटात दोन्ही हवे. पाठीला सॅक लावत असाल तर पट्टी तिच्याखाली झाकली जाते, म्हणून सॅकवरही चमकणारी पट्टी लावून घ्यावी. कागल रस्त्यावर हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात पुढे असतात आणि त्या टाळताना आपल्याला अचानक बाजूला यावे लागते, त्या वेळी मागून येणाऱ्याला आपण दिसणे फार गरजेचे आहे.

शाहूपुरीकर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. बारमाही जॅकेटचा विचार मी सोडला आहे. दोन शंका राहिल्या. मावसभाऊ चामड्याचे जॅकेट घे म्हणतो, कारण घसरताना चामड्याइतके काहीच टिकत नाही असे त्याचे म्हणणे आहे. शिवाय सगळे सामान एकदम घेणे शक्य नाही, तर क्रम कसा लावावा?

घाटवाट

आपल्या मावसभावाचे म्हणणे चामड्याच्या गुणाबद्दल बरोबर आहे. मात्र ते गाडीसाठीचे, साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचे चामडे असावे लागते. फॅशनच्या जॅकेटचे पातळ चामडे पहिल्याच घसरणीत फाटते. आपल्या कामासाठी तेही मी सुचवणार नाही, कारण जून ते सप्टेंबर ते घरात दमट हवेत राहून त्यावर बुरशी धरते आणि मे महिन्यात ते अंगावर ठेवणे अवघड होते. जे जॅकेट उकाड्यामुळे खुंटीवर राहील त्याचे संरक्षण अपघाताच्या दिवशी मिळणार नाही. मेश जॅकेट महिन्याकाठी पॅड काढून साध्या सौम्य साबणाने धुवावे आणि सावलीत, पंख्याखाली वाळवावे. रेनसूटला कपडे मऊ करणारे द्रावण लावू नये, त्याने पाणी झटकणारा लेप निकामी होतो.

क्रम असा लावावा. दोघांची हेल्मेटे आणि हातमोजे लगेच घ्यावेत, त्यानंतर दोघांची जॅकेटे, मग बूट. गुडघ्याचे गार्ड पँटवरून बांधायचे घेतले तरी सुरुवातीला पुरतील, फक्त त्यांवरही ईएन १६२१-१ चा छाप असावा. रेनसूट जूनची वाट न पाहता मेच्या सुरुवातीलाच आणावा, म्हणजे एखाद्या वळवात त्याच्या शिवणी पारखल्या जातील आणि गळला तर बदलून घ्यायला वेळ राहील.