वुड ब्रदर्स : पिट स्टॉप खरंच यांनीच शोधला का?

मिरज_जंक्शन : सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांपुढं नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींतल्या, वुड ब्रदर्स टीमवर अर्धा तास बोलायचंय. पोरं स्वतः बाहा या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधतात, नुसत्या जिंकलेल्या शर्यती वाचल्या तर जांभया देतील. "पिट स्टॉप (शर्यत चालू असताना टायर-पेट्रोलसाठीचा थांबा) यांनी शोधला" असं जिथंतिथं लिहिलेलं असतं, ते धरून चालावं का? आणि त्यांचा ड्रायव्हर डेव्हिड पिअर्सन एवढा जिंकत असताना टीममधून गेला कसा?

पाना_सतरा : शोधला म्हणू नका. टायर बदलायला, पेट्रोल भरायला गाड्या आधीही थांबायच्या. यांनी त्या थांब्याची कवायत बसवली, हे म्हणा. ग्लेन वुडनं १९५० मध्ये व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट गावात टीम काढली. भाऊ लेनर्ड इंजिन आणि हत्यारं बघायचा, डेलानो जॅकवर. लेनर्डनं जॅकमध्येच बदल केले, कमी हापशांत गाडी उचलली जावी म्हणून.

पोरांना १९६५ ची इंडियानापोलिस ५०० सांगा. आदल्या वर्षीच्या भीषण आगीनंतर दाबानं इंधन भरायला बंदी आली. टाकी उंचावर आणि इंधन आपल्या वजनानं खाली, एवढंच चालणार होतं. मग वेळ वाचवायचा कुठं? फोर्डनं जिम क्लार्कच्या लोटससाठी वुड बंधूंना बोलावलं. त्यांनी इंधनाच्या नळीच्या जोडणीतल्या खरबरीत कडा घासून गुळगुळीत केल्या, म्हणजे इंधन वाटेत अडत नाही. क्लार्क जिंकला. कानशीचं काम आहे हो, आपल्या कुपवाडच्या कुठल्याही शेडमध्ये होईल.

हापसा : पिअर्सनचं मी सांगतो. १९७२ ते ७९ मध्ये या टीमसाठी ४३ विजय. १९७३ मध्ये १८ शर्यतींत ११! टीम सगळा हंगाम धावतच नव्हती, मोठ्या शर्यती निवडायची.

एप्रिल १९७९, डार्लिंग्टनची शर्यत. पिटची भिंत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असते. क्रूची, म्हणजे पिटमधली, माणसं आधी वळसा घालून उजवीकडं जातात, ती दोन चाकं झाली की गाडी खाली, मग जॅक डावीकडं. क्रू चारही टायर बदलणार होता, पिअर्सनला वाटलं दोनच. उजवी बाजू खाली टेकली आणि त्यानं गाडी काढली, तेव्हा डाव्या चाकांचे नट ढिले झालेले होते. लेनर्ड "व्हो" म्हणजे थांब ओरडला, त्याला "गो" ऐकू आलं म्हणतात. पिटमधून बाहेर पडतापडता डावी दोन्ही चाकं निखळली. त्यानंतर जोडी फुटली, गाडी नील बॉनेट या ड्रायव्हरकडं गेली. खूण एकच आणि आधी ठरलेली हवी, आवाजावर भरवसा नको, हे पोरांच्या डोक्यात ठोका.

मिरज_जंक्शन : भारी. एका चाकाचे पाच नट एवढ्या झटपट हातानं लावायचे कसे?

पाना_सतरा : हातानं नाहीच. नट आधीच रिमला गोंदानं चिकटवलेले असायचे. चाक स्टडवर (नट बसतो त्या आट्यांच्या दांड्यावर) ढकललं की नट सुटून स्टडवर येतात, नट फिरवायची गन फक्त आवळते. स्टडच्या टोकाला आटे नसतात, त्यामुळं तिरका आलेला नट आटे धरण्याआधी सरळ होतो. गोंद कमी पडला तर चाक उचलतानाच नट गळतो, जास्त झाला तर आट्यात जातो. २०२२ पासून हा खेळ संपला : १५ इंची पोलादी चाकाऐवजी १८ इंची अॅल्युमिनियमचं, मध्ये एकच नट.

हापसा : एक राहिलं, शेवरोलेचा फोटो लावू नका हं! ही टीम फोर्डच्याच घरची. १९७६ ची डेटोना ५०० पिअर्सननं मर्क्युरीत जिंकली, तीही फोर्डचीच. शेवटच्या फेरीत तो आणि त्याचा प्रतिस्पर्धी रिचर्ड पेटी दोघेही आपटले. पेटीचं इंजिन बंद पडलं. पिअर्सननं क्लच दाबून आपलं चालू ठेवलं आणि मोडकी गाडी रांगत रेषेपलीकडं नेली. टीमचा शंभरावा विजयही डेटोनाचाच, ऑगस्ट २०२४, हॅरिसन बर्टन, गाडी अर्थात टीमच्या नेहमीच्या २१ नंबरची.