१७ नंबरचा फॉर्म भरून, कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसतेय, पण तोंडी म्हटलं की घशाला कोरड पडते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दहावी १९९९ ला झाली, मग लग्न, पोरं, आता अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविकेच्या भरतीला बारावी लागते म्हणून आमच्या सेविकाताईंनीच मागे लागून आर्ट्सचा १७ नंबर फॉर्म भरायला लावला.

अभ्यासाचं म्हणाल तर जमतंय. बालभारतीच्या साईटवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळाल्या, इतिहास तर मला चक्क आवडायला लागलाय, रात्री भांडी झाली की ओट्यावरच मोबाईल टेकवून वाचते. घोडं अडतंय ते लोकांसमोर. फॉर्मची प्रिंट द्यायला कॉलेजात गेले तर खिडकीवरचे म्हणाले, "मुलाला घेऊन यायचं ना, सही त्याची लागते." मी म्हटलं फॉर्म माझाच आहे, तर मागची दोन पोरं फिसकन हसली. एवढंच झालं हो, कुणी वाईट बोललं नाही, पण तेव्हापासून गेट दिसलं तरी पोटात गोळा येतो.

आता इंग्रजीची तोंडी आहे, २० मार्कांची. एकटी असले की सगळं येतं, लेक समोर बसून विचारायला लागली की पहिल्या वाक्यालाच त त प प. आणि दुसरं म्हणजे हात. इतकी वर्षं हजेरी आणि आहाराच्या नोंदी सोडून काही लिहिलंच नाही, अर्ध्या तासात बोटं आखडतात, तीन तास पेपर कसा लिहू? अंगणवाडीत पोरांसमोर गाणी म्हणते, नाचते, तिथे लाज वाटत नाही, मग इथेच काय होतं कळेना. कुणी मोठेपणी परीक्षा दिली असेल तर प्लीज सांगा.

रात्रपाळीवाला: ताई, मी कंपनीत ड्युटी करून १७ नंबरनेच बारावी काढली. हाताचं आधी घ्या, कारण ते नक्की सुटतं. रोज एकच उत्तर, पण मोबाईल बाजूला ठेवून, कागदावर, घड्याळ लावून. आधी वीस मिनिटं, मग वाढवत न्या, शेवटी एखाद्या रविवारी ११ ते २ बसून जुना बोर्डाचा अख्खा पेपर सोडवायचा. पेन घट्ट धरू नका, बोटं त्यानेच आखडतात. २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जादा पण देतात. इंग्रजीत रायटिंग स्किल्सला १६ मार्क आहेत, ईमेल, रिपोर्ट वगैरे, त्याचा साचा हातात बसला की पेपर बघून धडधडत नाही.

कोल्हापुरी_मिरची: तोंडीसाठी पाठांतर अजिबात करू नका हां ताई, मधला एक शब्द विसरला की सगळंच जातं. तोंडी कॉलेजचेच शिक्षक घेतात, त्यांना आधी एकदा भेटून या, कसं विचारता, काय विचारता सरळ विचारा, ओळखीचं तोंड असलं की निम्मी भीती जाते. आणि लेकीला म्हणावं समोर बसू नको, भाकरी थापताना पाठीमागून प्रश्न टाक. अंगणवाडीत दिवसभर काय करता तेच इंग्रजीतून मोडकंतोडकं सांगायचं, त्यात तुमच्याइतकं परीक्षकांना पण माहीत नसतं! हसणाऱ्या पोरांचं सोडा, बारावीत तीही तेवढीच टरकलेली असतात.

धागाकर्ती: दादा, ताई, दोघांचे आभार. भाकरीवालं आजच करून बघितलं, लेक "व्हॉट डू यू डू" म्हणाली आणि मी तव्याकडे बघत चार-पाच वाक्यं बोलले, चुकीची असतील पण थांबले नाही. कॉलेजात सोमवारी जाते, सेविकाताई सोबत येते म्हणाल्यात. अजून एक, हॉलमध्ये हातातलं घड्याळ चालतं का?

रात्रपाळीवाला: साधं काट्यांचं चालतं. स्मार्टवॉच नको, बाहेर ठेवायला लावतात. आणि हॉलमध्ये साडेदहालाच जाऊन बसा, ११ ला धावतपळत नको.