अनुभव धागा : फोनवर कुणी गंडवलंय का तुम्हाला?

शहापूरची सून
सासूबाईंचा जुना फोन पोराला द्यायचा म्हणून काल रिकामा करत बसलेले. तो मेसेज दिसला आणि पोटात परत गोळा आला. कन्नडमध्ये आलेला. सासूबाईंना कन्नड बोलायला येतं बाजारापुरतं, वाचायला नाही. त्यातले 2000 तेवढे कळले आणि कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचेच म्हणून मोकळ्या. "सरकारचं सगळं कन्नडातच येतंय की गे!" आता ह्यात खोटं काय? खालची फाईल दाबली, फोननं जे जे विचारलं त्याला 'अलाऊ'. मेसेज वाचायची परवानगी गेली, की ओटीपी कुणाला सांगायलाच नको, तिकडं आपोआप दिसतो. 18,400 गेले. सहा दिवस घरात अवाक्षर नाही. जेवण तुटलं तरी आम्हाला वाटलं पित्त. पासबुक भरून आणल्यावर कळलं. तुमचंही सांगा.

येळ्ळूरकर
माझं उलटं. लाईटबिल भरलं नाही, रात्री साडेनऊला कनेक्शन तोडणार म्हणून फोन. हिंदीत! आमचा लाईनमन जन्मात हिंदी बोलला नाही. ठेवून दिला.

निपाणी तंबाखू
जुनी गाडी विकायला फोटो टाकलेला. एकजण म्हणाला मिलिटरीत आहे, बेळगावात बदली झालीय. मराठा रेजिमेंटचं सेंटर असलेल्या गावात कोण संशय घेणार ओ? क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील. 5000 गेले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही हे तेव्हा कळलं. फी भरून शिकलो

मच्छे सेकंड शिफ्ट
गाडी गेली का शेवटी? कुठलं मॉडेल

निपाणी तंबाखू
मेव्हण्यानं नेली. पैसे अजून यायचेत. हा पण फ्रॉडच

कणकुंबीचा पाऊस
आमच्याकडं रेंजच नाही. चोर "हॅलो हॅलो" करून दमतो. पावसात तर विचारूच नका, परवापासून लाईट पण नाही, हे खानापुरातून लिवालोय

रिटायर्ड गुरुजी
लाज वाटते पण सांगतो. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस. माझ्या नावच्या पार्सलात ड्रग्ज सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, दार लावून घ्या, घरच्यांना सांगायचं नाही. तसली अटक कायद्यातच नाही. पण चाळीस वर्षं पोरांना दम दिलेला मी, दीड तास खुर्चीतून हललो नाही. दूध उतू गेलं तरी मी ओ देईना म्हणून ही आत आली. फोन हिसकावून कन्नडात विचारलं, "यारो नीनु?" म्हणजे कोण रे तू? साहेबाला कन्नड येईना. कॉल कट.

शहापूरची सून
गुरुजी, काकूंना नमस्कार सांगा!

काउंटर नंबर 3
बँकेत आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहिते. सहा दिवस फार झाले गं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्यात पळवतात. लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला तर मधेच अडवता येतात, तेही प्रत्येक वेळी नाही. आमच्याकडं लोक आधी नवऱ्याला लपवतात, मग देवाला विचारतात, मग येतात.

मच्छे सेकंड शिफ्ट
सासूबाईंना ओरडला नाही ना कोण?

शहापूरची सून
ह्यांनी एकदाच आवाज चढवला, मग दोन दिवस घरात कुणीच बोलेना. आता त्या खरा मेसेज पण उघडत नाहीत, माझ्याकडं देतात. मी चंदगडची, मला तरी कुठं कन्नड वाचता येतंय! तिसरीतला पोरगा वाचून दाखवतो. एका मेसेजला एक चॉकलेट घेतो.

येळ्ळूरकर
दोन द्या त्याला.